थेट पाईपलाईन आली. आता पंचगंगेचा वाली कोण?

पेठेतला (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते लिहितो. पटलं नाही तर बिनधास्त हाणा.

आपल्या कोल्हापूरचा पाण्याच्या बाबतीतला रिवाज असा आहे की जवळचं पाणी बुजवायचं, नाहीतर नासवायचं, आणि मग लांबचं आणायचं. आधी पेठापेठांत आड होते, तळी होती. रावणेश्वराच्या तळ्यावर आज शाहू स्टेडियम आहे, कपिलतीर्थावर मंडई आहे आणि वरुणतीर्थाचं गांधी मैदान झालंय. जरा जोराचा पाऊस झाला की गांधी मैदानाला आपण मूळचे तळं आहोत हे आठवतं, तो भाग वेगळा. संस्थानकाळात कळंबा तलावाचं पाणी उताराने मंगळवार पेठेतल्या पाण्याच्या खजिन्यात आलं. ते पुरेना म्हणून भोगावतीवर बालिंग्याचं उपसा केंद्र, मग शिंगणापूरचं, आणि २०२३ च्या नोव्हेंबरात दूधगंगेवरच्या काळम्मावाडी धरणाचं पाणी पन्नासेक किलोमीटर नळातून पुईखडीच्या जलशुद्धीकरण केंद्रात पोचलं. ही थेट पाईपलाईन व्हावी म्हणून किती वर्षं आंदोलनं झाली ते जुन्या लोकांना सांगायला नको.

पाणी चांगलं आहे, माझी तक्रार नाही. मला भीती आहे ती वेगळीच. जोवर आपण पंचगंगेचं पाणी पीत होतो, तोवर निदान स्वार्थापोटी तरी तिची चौकशी करत होतो. आता जयंती नाल्यातून नदीत काय जातं याची फिकीर कोल्हापूरच्या माणसाने का करावी? गणपती, दक्षिणद्वार (नृसिंहवाडीच्या देवळात पुराचं पाणी शिरतं तो सोहळा) आणि पूर एवढाच आपला आणि पंचगंगेचा संबंध उरणार काय?

चिलापी

वाली नाही, पण जलपर्णी आहे. सध्या नदीवर पांघरूण घालायचं काम तीच करते.

निवृत्त ओव्हरसियर

पेठेतला, तुमची कळकळ समजते, पण मांडणीत एक गफलत आहे. बालिंगा काय, शिंगणापूर काय, दोन्ही उपसा केंद्रं जयंती नाल्याच्या वरच्या अंगाला आहेत. म्हणजे थेट पाईपलाईन येण्याआधीही शहर वरून चांगलं पाणी उचलत होतं आणि खाली घाण सोडत होतं. तेव्हा तरी कुठे फिकीर केली? पाईपलाईनने काही बदललेलं नाही. फक्त ‘वर’ म्हणजे जरा जास्तच वर झालं, एवढंच.

आणि जयंतीला नाला म्हणू नका अशी विनंती. कात्यायनीच्या डोंगराकडून येणारी ती नदी आहे. आपण तिच्यात मैला सोडला आणि मग तिला नाला म्हणायला लागलो.

कुरुंदवाडकर

ओव्हरसियर साहेब, लाख बोललात.

आम्ही तेरवाडच्या बंधाऱ्याजवळची माणसं. तुमच्या गावात चर्चा होते ती पाईपलाईनची, आमच्यात चर्चा होते ती आज पाण्याला वास कसला येतोय याची. हिवाळ्यात बंधाऱ्याला बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घातले की पाणी तुंबतं. वरून कोल्हापूरचं सांडपाणी, मधे कारखान्यांचं, मग इचलकरंजीचं, असं सगळं येऊन आमच्या दारात बसतं. वर जलपर्णीची चटई. लांबनं बघितलं तर हिरवंगार शेत वाटावं, गुरं फसतात.

मासे मरणार ते आधीच कळतं. पहाटे बंधाऱ्यावर गेलं की मासे पाण्यावर तोंड काढून उघडमीट उघडमीट करत असतात. वाम तळातला मासा, तो एरवी दिसत नाही, तोसुद्धा काठाच्या गवतात येऊन पडतो. हाताने उचलला तरी पळत नाही. पोरं बुट्ट्या भरून नेतात, म्हातारी माणसं ओरडतात की खाऊ नका. दुपारपर्यंत पांढरी पोटं वर. मग पेपरवाले येतात, अधिकारी बाटलीत पाणी भरून नेतात. बाटलीचं पुढं काय होतं ते आम्हाला आजवर कळलेलं नाही.

बिंदू चौकातून

>> बाटलीचं पुढं काय होतं

शोकेसमध्ये ठेवत असतील.

मास्तरीण

मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो. कुरुंदवाडकरांनी पहाटेचं जे वर्णन केलंय त्याचं कारण सांगतो.

माशाला पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन लागतो. अंघोळीयोग्य नदीसाठी आपल्याकडचा निकष लिटरला किमान ५ मिलिग्रॅम असा आहे. दिवसा शेवाळ आणि पाण्यातल्या वनस्पती उन्हात ऑक्सिजन सोडतात, रात्री मात्र त्याही श्वासासाठी तो खर्च करतात. म्हणून पहाटे पातळी सगळ्यात खाली जाते. त्यात जलपर्णीने पाणी झाकलं असेल तर खाली ऊन नाही, वरून हवा नाही. अशा वेळी मैला किंवा मळी आली की ती कुजवताना जिवाणू उरलासुरला ऑक्सिजन संपवतात. मासे विषाने मेले असं आपण म्हणतो, पण बऱ्याचदा ते गुदमरलेले असतात.

आता मळीचा हिशेब. घाण कुजवायला किती ऑक्सिजन लागेल याचं माप म्हणजे बीओडी. घरगुती सांडपाण्याचा बीओडी लिटरला २००-३०० मिलिग्रॅम असतो. डिस्टिलरीच्या कच्च्या सांडपाण्याचा, ज्याला आपण सरसकट मळी म्हणतो, तो ४०-५० हजारांच्या घरात जातो. म्हणजे एक टँकर मळी ही दीडएकशे टँकर मैल्याच्या बरोबरीची. रात्रीतून एकच टँकर ओढ्यात सोडला तरी काय होत असेल बघा.

जलपर्णी काढून काठावर टाकायचा कार्यक्रम दरवर्षी होतो. ती जगते नत्र आणि स्फुरदावर. ते येत राहिलं तर हवामान मानवेल तेव्हा पंधरवड्यात दुप्पट होते. पोकलेन तिच्याशी शर्यत कशी जिंकणार?

पुण्यातला कोल्हापुरी

‘शिकवतो’? मास्तरीण की मास्तर?

मास्तरीण

बाई आहे. कोल्हापूरची आहे. पुण्यात जाऊन विसरलास काय?

चिलापी

काटा किर्र!

खोडवा

मळी आली की सगळ्यांची नजर ऊसवाल्यांकडे वळणार, म्हणून आधीच लिहितो. करवीर तालुक्यातला शेतकरी आहे, घरचा चार एकर ऊस.

कारखाना मळी सोडतो त्यात आमचा हात नाही. आमच्याच विहिरीला वास येतो. एका हंगामात ओढ्याकडच्या विहिरीचं पाणी असं काळं झालं की म्हशी तोंड लावेनात. तक्रार केली, पंचनामा झाला, ‘नमुन्यात दोष आढळला नाही’ असं उत्तर आलं. नमुना घेतला होता पाऊस पडून गेल्यावर. कारखान्याचं नाव लिहीत नाही, आमचं बिल अजून यायचंय. :)

निवृत्त ओव्हरसियर

खोडवा, मळीत तुमचा हात नाही हे मान्य. पण पाण्यात आहे. जरा आकडे मांडू, कारण या विषयावर लोक टीएमसी टीएमसी करतात आणि टीएमसी म्हणजे किती ते कुणी सांगत नाही.

एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, साधारण २,८३२ कोटी लिटर. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर शहराची लोकसंख्या साडेपाच लाखांच्या आसपास होती. माणशी रोज १३५ लिटर या सरकारी मापाने वर्षाला साधारण २,७०० कोटी लिटर होतात. म्हणजे गळती सोडली तर तेवढ्या शहराला पूर्ण वर्षाला एक टीएमसीसुद्धा लागत नाही. राधानगरी ८.३६ टीएमसीचं, काळम्मावाडी २५ च्या पुढचं. पिण्याच्या पाण्याने धरणं रिकामी होत नाहीत.

उसाला पूर्ण वाढीत दीड ते अडीच हजार मिलिमीटर पाणी लागतं असं धरतात. मधला दोन हजारांचा आकडा घेतला तर एकरी ८० लाख लिटर. १३५ लिटरच्या मापाने दीडशेहून जास्त माणसांचं वर्षाचं पाणी.

खोडवा

साहेब, कागदावर बरोबर आहे. पण त्या दोन हजारांत पावसाचं पाणी धरलंय की नाही? आमच्याकडे चार महिने आभाळच मोटर चालवतंय. तुमचे ८० लाख लिटर काही सगळे नदीतून येत नाहीत. आणि ऊस का लावतो ते पण लिहा. भात लावला तर दर कोण देतो? भाजी लावली आणि पूर आला तर संपलं. ऊस चार दिवस पाण्याखाली राहूनही उभा राहतो आणि त्याला ठरलेला दर आहे. तुम्ही पगारी माणसं, तुम्हाला हा हिशेब कळायचा नाही.

आता जास्त पाणी का दिलं जातं ते सांगतो. एक, पाणीपट्टी एकरावर आहे, लिटरवर नाही. कमी पाणी दिलं म्हणून एक रुपया वाचत नाही. दोन, पाणीपुरवठा संस्थेची पाळी. पुढची पाळी कधी येईल याचा भरवसा नाही, म्हणून आली की रान तुडुंब भरून घ्यायचं. तीन, शेतीची लाईट रात्री. अंधारात साप-विंचवाच्या भीतीने माणूस मोटर चालू करून झोपतो, सकाळी बघतो तर पाणी शेजाऱ्याच्या बांधावर. ऊसवाला आळशी आहे म्हणून पाणी जात नाही. या तीन गोष्टी बदला, पाणी आपोआप वाचेल.

मी ठिबक केलंय, पाचट जाळत नाही, सरीत पसरून कुजवतो. पाळी लांबली तरी वाफसा टिकतो. उतारा घटला नाही, उलट खताचा खर्च कमी झाला. पण ठिबकच्या पाण्यालाही मला पट्टी तेवढीच, हे डोळ्यासमोर ठेवा.

कुरुंदवाडकर

खोडवाभाऊंना दुजोरा. जास्त पाण्याने काय होतं ते बघायचं असेल तर शिरोळला या. आमच्या काळ्या रानांत पिढ्यान् पिढ्या पाटाने पाणी पाजून मीठ फुटलंय. उन्हाळ्यात पांढरं सपाट दिसतं, पापुद्रा हाताने निघतो. ज्या रानात एकरी ७०-८० टन निघायचा तिथं बाभळी आल्यात. दत्त कारखान्याच्या पुढाकाराने जमिनीखाली सच्छिद्र पाईप टाकून निचरा करायचं काम झालं, त्यातून बरीच रानं परत पिकाखाली आली. पण गंमत बघा, आधी पाणी आणायला पाईप, मग तेच पाणी काढायला पाईप.

आणि निचऱ्याचं ते खारं पाणी शेवटी जातं कुठं? नदीतच.

सायझिंग

इचलकरंजीचा आहे. इथं सगळे आमच्याकडं बोट दाखवणार हे ठाऊक आहे, म्हणून आधी कबूल करून टाकतो. कापड प्रोसेसिंगचं रंगीत पाणी नदीत गेलंय, अजूनही सगळं थांबलेलं नाही. पण आम्ही नुसते सोडणारे नाही, भोगणारेही आहोत. २०१२ ची काविळीची साथ आठवते काय? माणसं मेली. पंचगंगेचं पाणी पिववत नाही म्हणून कृष्णेवरून पाणी आणलं, ती पाईपलाईन सारखी फुटते. वारणेवरून दानोळीची योजना केली, तिथल्या लोकांनी उठाव केला. आता दूधगंगेवरची सुळकूड योजना मंजूर असून अडकलीय. घराघरात पाणी किती दिवसांनी येतं हे विचारू नका. नदीकाठचं गाव आणि प्यायला जारचं पाणी.

कोल्हापूरने धरणावरून थेट पाणी आणलं तर ते विकासाचं काम, आणि इचलकरंजीने मागितलं तर तो दरोडा, हे कसं?

दूधगंगाकाठ

सायझिंग, दरोडा कुणी म्हटलेलं नाही, पण कागलकरांच्या बाजूनेही कुणीतरी लिहायला पाहिजे. दूधगंगेवर आमची शेती, आमच्या पिण्याच्या योजना, आणि खाली कर्नाटकाचाही वाटा. उन्हाळ्यात आम्हालाच उपसाबंदी लागते. मोटरी बंद करून ऊस वाळताना बघतो. त्यात काळम्मावाडी धरणाच्या गळतीचं काम निघालं म्हणून साठाही कमी ठेवावा लागला होता. अशात आणखी एक शहर जोडायचं म्हटल्यावर माणूस विचारणारच.

आमचं म्हणणं सरळ आहे. तुमच्या दारात नदी आहे. ती आधी साफ करा. ती नासवून झाली म्हणून आमची मागायला येऊ नका.

सायझिंग

आम्ही एकट्यानी नासवली काय? वर कोल्हापूर बसलंय, त्याचं काय? कोल्हापूरला मात्र तुमच्याच दूधगंगेतून दिलं की पाणी! तिथं का नाही आडवे पडला?

दूधगंगाकाठ

तिथं पण विरोध झाला होता. माहिती घेऊन लिहा. आणि ओव्हरसियरांनी वर सांगितलंय, पिण्याच्या पाण्याने धरणं रिकामी होत नाहीत, म्हणून पिण्यापुरतं असतं तर गोष्ट वेगळी. पिण्याच्या नावाखाली सायझिंगला (सुताला खळ लावणाऱ्या कारखान्यांना) जाणार नाही याची हमी कोण देतो? तुमचं नावच सायझिंग!

तिसरी घंटा

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. सॉरी, चिरमुरे.

संपादक मंडळ

व्यक्तिगत रोख नको. दोन्ही बाजूंनी मुद्दे चांगले आलेत, ते चालू ठेवा.

पुण्यातला कोल्हापुरी

जरा विषयांतर. एवढी नदी आटल्याची चर्चा चाललीय आणि मला दर जुलैत घरून फोन येतो तो ‘मच्छिंद्री झाली (म्हणजे नदी पुराच्या खुणेपर्यंत चढली), गाडी वर काढली’ असा. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका ४३ फूट. २०१९ ला ५५ फूट ७ इंच, २०२१ ला ५६ फूट ३ इंच. एकाच जिल्ह्यात जुलै-ऑगस्टला बोटी आणि एप्रिल-मेमध्ये उपसाबंदी. हे सगळं कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळे ना?

निवृत्त ओव्हरसियर

अलमट्टीवर वेगळा धागा काढा, इथे पेटेल. थोडक्यात सांगतो. २०१९ च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीने अलमट्टीला मुख्य कारण मानलं नाही. ते सगळ्यांना पटलेलं नाही, आणि उंची ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ वर न्यायला आपला विरोध आहे, तो असलाच पाहिजे. पण अलमट्टीकडे बोट दाखवलं की आपल्या हातातलं झाकून जातं. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस, शिरोळला जेमतेम पाचशे-सहाशे. हे सगळं पाणी उतरून शिरोळच्या सपाटीला येतं, तिथे कृष्णा फुगलेली असली की पंचगंगेला पुढे जागा मिळत नाही, ती मागे पसरते. त्या पसरायच्या जागेवर आपण भराव टाकून रस्ते, मंगल कार्यालयं आणि अपार्टमेंट बांधली.

निळी पूररेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची. निळीच्या आत बांधकाम करायचंच नसतं. आमच्या वेळी रेषा जमिनीवर आखायचे, आता मंत्रालयात आखतात असं लोक म्हणतात. लोक काहीही म्हणतात.

मास्तरीण

पुराचं आणि टंचाईचं नातं धाग्याच्या विषयाशी आहे, विषयांतर नव्हे. २०१९ आणि २०२१ या दोन्ही पुरांत उपसा केंद्रं पाण्याखाली गेली आणि शहर टँकरवर आलं. आमच्या गल्लीत गुडघाभर पाणी आणि प्यायला थेंब नाही. तेव्हा शेजारच्या वाड्यातला आड कामाला आला. धुणी-भांडी सगळी त्याच्यावर झाली. पूर ओसरल्यावर त्याच आडावर परत लोखंडी जाळी पडली आणि आता आत प्लास्टिकच्या पिशव्या आहेत. पेठेतला म्हणतात तो रिवाज तो हाच. आपण पर्यायी पाणी ठेवतच नाही. थेट पाईपलाईनचा जॅकवेल (पाणी उपसायची विहीर) कितीही भारी असू दे, पंप बंद पडला तर काय?

आणि वरच्या बाजूचंही बोला. राधानगरीचं जंगल सह्याद्रीच्या इतर ठिकाणांबरोबर २०१२ ला जागतिक वारशात गेलं. ते गव्यासाठी राखलं असं लोकांना वाटतं. भोगावती उन्हाळ्यात वाहते ती त्या जंगलाच्या जिवावर. सड्यावर पडलेला पाऊस झिरपून महिनोन् महिने झऱ्याने बाहेर येतो. जंगल गेलं तर तोच पाऊस दोन दिवसांत शिवाजी पुलाखाली.

रंकाळाफेरी

सगळंच काळं रंगवू नका. रोज सकाळी रंकाळ्यावर फिरतो. एकेकाळी संध्यामठाच्या बाजूला नाक धरून चालावं लागायचं, पाणी हिरव्या रंगाच्या डब्यासारखं. सांडपाण्याचे नाले बऱ्यापैकी वळवले, गणपती इराणी खणीत जायला लागले, आणि फरक पडला. पाणबुड्या पक्षी परत दिसतात. अजून मधेच हिरवा तवंग येतो, नाही असं नाही. पण विसर्जनाचं बघा. लोक ऐकणार नाहीत, भावना दुखावतील, असं सगळे म्हणत होते. तालमींनी मनावर घेतलं आणि झालं. कोल्हापूरचा माणूस सांगितलेलं ऐकत नाही, पण ईर्षेला पेटला की करतो.

तालीमवाला

नाद खुळा! पुढच्या वर्षी ‘सर्वात कमी सांडपाणी सोडणारी पेठ’ अशी ट्रॉफी ठेवा. फायनल शाहू स्टेडियमला. म्हणजे रावणेश्वर तळ्यात.

पेठेतला (धागाकर्ता)

सगळ्यांचं वाचतोय, भारी चाललंय. ओव्हरसियर साहेबांचा मुद्दा रात्रभर डोक्यात होता. शहर आधीपासूनच नाल्याच्या वरून पाणी घेत होतं, म्हणजे फिकीर कधी नव्हतीच. मग मला वाटतं की नियमच असा पाहिजे: ज्याने त्याने स्वतःचं सांडपाणी जिथे सोडलं, त्याच्या खालून पाणी उचलायचं. शहर असो, कारखाना असो, सायझिंग असो. आपल्या नळाला आपलीच घाण येणार म्हटल्यावर शुद्धीकरण केंद्र चोवीस तास चालेल.

सायझिंग

इचलकरंजीला मंजूर! पण आधी कोल्हापूर.

दूधगंगाकाठ

बघा, इथे आमचं दोघांचं पहिल्यांदा एकमत झालं.

निवृत्त ओव्हरसियर

कल्पना झकास, पण पन्नास किलोमीटरचा नळ टाकून झाल्यावर ती कुणी ऐकणार नाही. त्यापेक्षा आहे त्याची चौकशी करा. कसबा बावड्याचं मैला शुद्धीकरण केंद्र ७६ एमएलडीचं (म्हणजे रोज ७६ दशलक्ष लिटरचं), दुधाळीचं १७. कागदावर शहराच्या सांडपाण्याला ते बऱ्यापैकी पुरावं. सांडपाणी साधारण पुरवठ्याच्या ८० टक्के धरतात, आता तुम्हीच हिशेब करा. मग नदीत घाण येते कुठून? एक, जे नाले अजून अडवलेलेच नाहीत. दोन, जे अडवलेत त्यांच्यावरचे पंप जेव्हा बंद असतात. जयंतीचं पाणी बंधारा घालून अडवलंय आणि तिथून पंपाने बावड्याला जातं. वीज गेली, पंप बिघडला, पाऊस आला, की बंधाऱ्यावरून सरळ नदीत. केंद्राची क्षमता सगळे विचारतात, पंप किती तास चालला ते कुणी विचारत नाही.

आणि शुद्ध केलेलं पाणी नदीत तरी कशाला सोडायचं? ते शेतीला, बांधकामाला, प्रोसेसिंगला द्या. खोडवांना नत्र-स्फुरद फुकट मिळेल, जलपर्णी उपाशी मरेल.

खोडवा

द्या की. पण दिवसा द्या.

कुरुंदवाडकर

पंप किती तास चालला हे विचारायचं असेल तर माहितीच्या अधिकारात टाकू. दहा रुपयांचा स्टॅम्प माझा. फक्त अर्ज शहरातल्या माणसाच्या नावाने जाऊ दे. आम्ही खालचे, आमची तक्रार रोजचीच म्हणून बाजूला पडते. नळाला चांगलं पाणी येतंय तोच माणूस विचारायला लागला तर वेगळं दिसेल.

पेठेतला (धागाकर्ता)

माझ्या नावाने टाकतो. मसुदा असा: ‘जयंती नाला व इतर नाल्यांमधून पंचगंगा नदीत होणाऱ्या प्रदूषणाबाबत केलेल्या कार्यवाहीची संपूर्ण माहिती मिळावी.’ चालेल?

निवृत्त ओव्हरसियर

अजिबात नाही. ‘कार्यवाहीची माहिती’ मागितली की ‘कार्यवाही सुरू आहे’ असं उत्तर येतं. अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयाचा पाहिजे, म्हणून फक्त जयंती धरा, बाकीचे नाले पुढच्या अर्जात. गेल्या १ जूनपासून आजपर्यंतच्या पंप लॉगबुकच्या प्रती मागा, पंपनिहाय, चालू-बंद वेळेसह. त्याच काळातलं वीज खंडित झाल्याचं रजिस्टर मागा. आणि जनरेटरच्या डिझेलची नोंद मागायला विसरू नका. लॉगबुकात पंप चालू दाखवता येतो, पण त्या दिवशी वीज नव्हती आणि डिझेलही खर्ची पडलं नाही, तर तो कशावर चालला ते त्यांना लिहून द्यावं लागेल.